पाळी जायची वेळ आली म्हणून सगळं अंगावर काढू नका

भिवंडीत उकाडा कुणाला नवा नाही. पत्र्याखाली यंत्रमाग चालतात, राहायची खोलीही बहुतेक पत्र्याचीच. त्यात वीज गेली की बघायलाच नको. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास छातीतून मानेकडे, मानेतून तोंडावर एकदम गरम वाफ आली आणि घाम फुटला, तर तुम्ही म्हणता, ‘किती गरम होतंय गं!’ पदराने वारा घेता आणि पुन्हा कांडी भरायला बसता.

पण एक बघा. शेजारी बसलेल्या तरुण मुलीलाही तसंच होतंय का? डिसेंबरच्या पहाटेसुद्धा तुमची उशी घामाने ओली होते का? मग तो उकाडा नव्हे. तुमची पाळी जायची वेळ आलेली असू शकते.

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. कुणाची थोडी आधी, कुणाची पन्नाशीनंतर. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्रास मात्र त्याच्या दोन-चार वर्षं आधीच सुरू होतो, कारण अंडाशयातून येणारे हार्मोन कधी कमी, कधी जास्त होत असतात. पाळी लांबते, मध्येच लवकर येते. झोप उडते. उगाच रडू येतं, चिडचिड होते. गॅसवर दूध ठेवलंय हेच आठवत नाही. सांधे धरतात, छातीत धडधडतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं. सगळ्याच जणींना हे सगळं होतं असं नाही. काही जणींना काहीच जाणवत नाही, तर काहींचं घरकाम आणि रोजंदारी दोन्ही कोलमडतं.

त्रास होत असेल तर त्यावर उपाय आहे. सोसायची गरज नाही.

आजच एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आली त्या तारखेला खूण करा, थांबली त्या तारखेलाही करा. जास्त गेलं तर त्या दिवशी किती पॅड किंवा कपडे बदलले तो आकडा लिहा. रात्री झोपमोड झाली तर एक टिंब द्या. दोन-तीन महिन्यांचं हे पान फाडून दवाखान्यात न्या. डॉक्टर विचारतात तेव्हा आपण गडबडतो, नीट सांगता येत नाही. पान सांगेल.

आता जरा नीट ऐका. ‘पाळी जायची वेळ आली की असंच होतं,’ असं सासू सांगते, जाऊ सांगते, शेजारीणही सांगते. त्यांचं मन चांगलं आहे, पण या एका समजुतीपायी बायका दुखणं वर्षानुवर्षं लपवतात.

अंगावरून खूप जाणं हे वयाचं म्हणून सोडून द्यायचं नाही. दर तासाला पॅड भिजतो, मोठ्या गाठी पडतात, आठ-आठ दिवस थांबत नाही, तीन आठवड्यांच्या आतच पुन्हा येते, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसतं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि पाळी जाऊन वर्ष झालं, त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात जा. ‘पुन्हा पाळी सुरू झाली’ म्हणून खूश होऊ नका. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं. पण गर्भाशयाचा कर्करोग असाच सुरू होतो, आणि लवकर सापडला तर तो बराही होतो.

धडधडीचंही तसंच. छातीत दाब, धाप, गार घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर ती गरम वाफ समजून पडून राहू नका. १०८ ला फोन लावा.

थकवा, केस गळणं, वजन वाढणं यामागे थायरॉईड असू शकतं, रक्त कमी असू शकतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. आणि चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली असेल तर ‘सुटले बाई’ म्हणू नका. इतक्या लवकर हार्मोन गेले तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका असतो, त्याला उपचार लागतात.

जायचं कुठे? गावातच आपलं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, सगळे आयजीएम म्हणतात ते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, स्त्रीरोग विभाग विचारा. पुढची गरज लागली तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, मुंबईत केईएम, जेजे आहेत. वस्तीतल्या आशाताईला विचारलंत तर तीही वाट दाखवेल. रुग्णालयात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणीही तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सरकारी दवाखान्यात होते. ती कधीच केली नसेल तर त्याच फेरीत विचारा. एका दिवसाची मजुरी बुडेल, हे मला कळतं. पण अंगावर काढून रक्त सहा-सात ग्रॅमवर आलं की आठवडेच्या आठवडे बुडतात.

पाय दुखतात, अंग गळालंय म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, पैसे जातात, आणि आजार आहे तिथेच राहतो.

डॉक्टरांसमोर लाज वाटते ती दोन गोष्टींची. शिंकताना लघवी सुटते, आणि नवऱ्याजवळ जाताना दुखतं. या दोन्ही स्पष्ट सांगा. आतला भाग कोरडा पडल्यामुळे दुखतं, आणि वारंवार लघवीची जळजळही त्यानेच होऊ शकते. त्यावर लावायचं औषध मिळतं. लघवी सुटू नये म्हणून व्यायाम असतात, ते शिकून घ्या. गोदामात काम करणाऱ्या बायका संडास लांब म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. तसं करू नका, जळजळ आणखी वाढते. मुकादमाला चौघी-पाच जणींनी मिळून सांगा.

पाळी जातानाच्या त्रासावरच्या हार्मोनच्या गोळ्यांची भीती फार आहे. ती भीती २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला खूप त्रास असेल, तर आज डॉक्टर हे उपचार देतात आणि त्यांचा फायदाही होतो. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, अंगावरून का जातं ते कळलेलं नसेल, तर आधी सांगा. मैत्रिणीची गोळी तुम्ही घेऊ नका. मेडिकलवाल्याला विचारून तर मुळीच नाही. हार्मोन चालत नसतील तर वाफांवर दुसरी औषधंही आहेत. काढा, चूर्ण चालू असेल तर तेही लपवू नका.

आता गर्भपिशवीचं. ‘मुलं झाली, आता कशाला हवी, काढून टाका,’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्या. २०१९ मध्ये ते उघड झालं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांना आदेश दिले. कधीकधी पिशवी काढावीच लागते, हे खरं. पण विचारा: कशासाठी? गोळ्यांनी थांबेल का? अंडाशय ठेवणार की काढणार? दोन्ही अंडाशय काढले तर पाळी हळूहळू नाही, एका दिवसात जाते, आणि त्रास जास्त होतो. सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. खूप रक्त जात नसेल आणि डॉक्टर तातडीचं म्हणत नसतील, तर चार दिवस थांबता येतं.

घरात काय कराल? नाचणीची भाकरी, तीळ, दूध किंवा दही रोजच्या जेवणात ठेवा, कारण पाळी गेल्यावर हाडं भराभर ठिसूळ होतात. सकाळच्या उन्हात वऱ्हाळा तलावाकडे किंवा जमेल तिथे अर्धा तास चाला. रात्रीचा चहा सोडा. मिश्री, तंबाखूही सोडा, त्यांनी हाडं आणि हृदय दोन्ही खराब होतात. सुती कपडे घाला. आणि हो, पाळी अधूनमधून येते तोवर दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर झाली तर एक वर्ष काळजी घेत राहा.

घरातल्या पुरुषांनो, तुम्हीही वाचताय असं धरतो. रात्री तीनला उठून खिडकी उघडणारी बाई नखरे करत नाहीये. पंख्याखालची जागा तिला द्या. सकाळचा डबा एखाद दिवस तुम्ही भरा. केस पेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, तिला सावलीत बसू द्या. आत मात्र तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं असेल तर बाहेर थांबा. महिनाभर उदास असेल, जगणं नको म्हणत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलतात.

औषध सुरू झालं की आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून बंद करू नका. वाफा कमी व्हायला काही आठवडे लागतात. तीन महिन्यांनी जुने रिपोर्ट आणि कॅलेंडरची नवी पानं घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा.