घड्याळी तासांचा मास्तर

महाविद्यालयांच्या मराठी विभागांत एक गृहस्थ हमखास भेटतात. साठी उलटलेली, मागे काही वर्षे वर्तमानपत्रात मुद्रितशोधन, काही वर्षे आकाशवाणीसाठी श्रुतिकालेखन, मधूनमधून पोटापुरती भाषांतरे, एखाद्या शाळेतली तात्पुरती नोकरी, आणि आता आठवड्याला सहा-सात तासिका. विद्यार्थी त्यांना 'सर' म्हणतात, कार्यालय 'सीएचबी' म्हणते. त्यांच्या आयुष्यक्रमाला 'विस्कळीत' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचा आक्षेप या विशेषणाला आहे.

याच विभागांत आपण नारायण सुर्वे शिकवतो. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई राहिलेला, पुढे शिक्षक झालेला हा कवी १९६६ साली 'माझे विद्यापीठ' घेऊन आला, तेव्हा त्याचे विस्कळीत आयुष्यच मराठी कवितेचे धन ठरले. दिलीप चित्रे इथिओपियात शिकवून आले, मग जाहिरात आणि पत्रकारिता यांत वावरले; त्यालाही आपण अनुभवविश्वाची व्याप्ती म्हणतो. मग जी गोष्ट अभ्यासक्रमात गुण ठरते, ती नेमणुकीच्या वेळी उणीव कशी ठरते?

अनुभवाची महती व्यवस्थेला ठाऊक नाही असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणले. किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा. औपचारिक पदवीची सक्ती नाही. क्षेत्रांच्या यादीत साहित्यही आहे. मात्र अध्यापनाच्या पेशातल्यांना, सेवेत असोत वा निवृत्त, हे दार बंद. थोडक्यात, अनुभव हवा, पण तो खुर्चीवर बसून घेतलेला हवा. मुद्रितशोधकाच्या टेबलावर घेतलेल्या अनुभवाला तासिकेचा दर आहे.

आणि हा दर कशाचा? आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवले. रक्कम बाजूला ठेवू, एकक पाहू. मोजले जाते ते व्याख्यान. त्यामागचे वाचन, विद्यार्थ्याच्या निबंधावर ओढलेल्या लाल रेघा, व्हरांड्यात दिलेला अर्धा तास यांना या हिशेबात रकाना नाही. साहित्य शिकवण्याचे निम्मे काम नेमके तिथेच होते.

यावर एक रास्त हरकत घेतली जाईल: नेट-सेट उत्तीर्ण तरुण दारोदार फिरत असताना निवृत्तांना तासिका कशासाठी? हरकत खरी आहे, रोख चुकीचा आहे. तरुणाची जागा म्हातारा अडवत नाही. रिक्त पद न भरण्याची सोय ती अडवते, आणि ती सोय दोघांनाही एकाच मस्टरवर तासागणिक वापरते. दोन पिढ्या एकमेकींवर डाफरत राहिल्या की जबाबदारांचे फावते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पूर्णवेळ पदे पूर्णवेळ भरा आणि तिथे तरुणांना बसवा. या जुन्या हातांना त्यांच्याच हातातले शिकवू द्या: मुद्रितशोधन, श्रुतिका, भाषांतर. तास थोडे असोत, पण तयारीसकट मोजलेले असोत. सुर्व्यांचे विद्यापीठ पाठ्यपुस्तकात लावायचे आणि तिथून शिकून आलेल्याला घंटेपुरता ओळखायचे, हा दुटप्पीपणा निदान साहित्याच्या विभागांना तरी शोभत नाही.