ताटातले लोह आणि हवेतला मिथेन

मांसाहाराची चर्चा महाराष्ट्रात आजवर जात आणि धर्म यांच्या अंगाने होत आली; आता तिला हवामानबदलाचीही बाजू आली आहे. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चारा आंबताना मिथेन वायू तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. जगातील मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के वाटा पशुपालनाचा, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये मांडला. मात्र हा वाटा कमी करण्याचा भार कोणी किती उचलायचा, हे ताट पाहूनच ठरवले पाहिजे.

महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या परिसरात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके; रोजच्या जेवणात भाकर, वरण, हंगामात आंबाडीची भाजी; मटण शिजते ते पोळ्याच्या करीला किंवा पाहुणा आल्यावर. येथील शेळी बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन वाढते, तिची लेंडी कोरडवाहू शेताला खत म्हणून लागते. मिथेन तीही सोडते, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु तिच्यासाठी कोणी जंगल तोडून चारा पिकवलेला नसतो.

दुसऱ्या पारड्यात शरीराची गरज आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आहे. डाळी-भाज्यांतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते, जेवणावर लगेच घेतलेला चहा तेही अडवतो, लिंबाची फोड मात्र ते वाढवते. मांसातील लोह त्यामानाने सहज अंगी लागते. बी-12 हे रक्त आणि मज्जातंतूंना आवश्यक जीवनसत्त्व तर निसर्गतः दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. रक्तक्षय असलेल्या बाईला पृथ्वीच्या नावाने महिन्यातून एखाद्या वेळचे मटण सोडायला सांगणे अन्यायाचे आहे. ज्या शहरी घरांत ते आठवड्यातून अनेकदा शिजते, त्यांनी आधी हात आखडावा.

अंडे या पेचातून पुष्कळ अंशी वाट काढते, कारण कोंबडी रवंथ करीत नाही आणि एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. राज्य शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. तो निर्णय चुकीचा होता. शासनाने हे अंडे मुलांच्या ताटात परत आणावे.