दिवाळीची भेट आणि ग्रंथनिवड

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी छापील मजकुराला स्थान देण्याचा दस्तुर मराठी घरांत रूढ झाला खरा, परंतु भेटीदाखल ग्रंथ निवडताना भले भले सुशिक्षित गृहस्थही घेणाऱ्याच्या अभिरुचीपेक्षा स्वतःच्या प्रतिष्ठेचाच विचार अधिक करतात. निवृत्त मामलेदाराला, केवळ वय झाले म्हणून, सार्थ ज्ञानेश्वरी देणे हा त्याच्यावर एकतर्फी बजावलेला हुकूमच होय. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी, म्हणजे धनगरांच्या वस्तीवर रुजू झालेल्या त्या तरुण मास्तरांची हकिकत वाचताना त्याला आपल्या पहिल्या नेमणुकीचे गाव आठवेल. मुलांच्या बाबतीत तर उपदेशाचा हव्यास अनावर होतो. थोरांची चरित्रे वाटणाऱ्या काकामंडळींनी एकदा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची शिफारस करून पाहावी. ती चरित्रे कपाटात कोरी राहतील आणि फुरसुंगीचा हा उपद्व्यापी पोर मात्र उशाशी मुक्काम ठोकील. पुस्तक बदलून घेता यावे म्हणून आत पावती ठेवावी, आणि अर्पणाचा मजकूर तूर्त पेन्सिलीनेच लिहावा.