गोदाम साखरेनं भरलेलं, मग ऊसबिलाला पैसे का नसतात?

मार्च महिना. कारखान्याची गोदामं पोत्यांनी भरलेली असतात आणि गावात चर्चा एकच, ऊसबिल कधी जमा होणार? 'एवढी साखर पडलीय, विकून पैसे द्या की' ही शेतकऱ्याची मागणी वावगी नाही. पण गोम आहे ताळेबंदातल्या एका शब्दात : चालू मालमत्ता.

वर्षभरात ज्याचे पैसे होतील असं धरलं जातं ती चालू मालमत्ता. यात बँकेतली शिल्लक आली, कच्चा माल आला, तयार माल आला आणि लोकांकडून येणं असलेले पैसेही आले. वर्षभरात जे फेडायचं, ती चालू देणी. मालमत्तेला देण्यांनी भागलं की चालू गुणोत्तर मिळतं. 1975 च्या टंडन समितीच्या निकषांमुळे भारतीय बँकांमध्ये 1.33 हा आकडा बरा मानायची पद्धत पडली.

आता एक काल्पनिक कारखाना घ्या. चालू मालमत्ता 135 कोटी, देणी 100 कोटी. गुणोत्तर 1.35, म्हणजे कागदावर पास. पण त्या 135 पैकी 115 कोटींची नुसती साखर असेल तर? साखर बाजूला काढली की 100 रुपयांच्या देण्यासमोर उरतात फक्त 20 रुपये.

बरं, ही साखर मनात आलं म्हणून विकताही येत नाही. जून 2018 पासून कुणी किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार दर महिन्याला ठरवतं. हंगाम चार-पाच महिन्यांत संपतो, विक्री मात्र वर्षभर चालते. उसाचे पैसे तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह.

मधली दरी भरते बँक. साखर तारण ठेवून कारखाना मालतारण कर्ज उचलतो. बँक साखरेच्या पूर्ण किमतीएवढी उचल देत नाही, थोडा दुरावा ठेवते आणि त्यातूनही जुन्या कर्जाचे हप्ते कापून घेते. म्हणजे गोदामातलं पोतं कारखान्याचं असलं तरी किल्ली बँकेकडे. आणि भाव पडला की दुरावा अपुरा पडतो.

खर्च आणि भावाचं गणितही विचित्र आहे. 2018-19 च्या हंगामात एफआरपी टनाला 2750 रुपये होती (10 टक्के उताऱ्याला), 2025-26 साठी ती 3550 झाली (10.25 टक्के उताऱ्याला). साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिला. बाजारभाव बहुतेकदा याच्या वर असतो हे खरं, पण भाव घसरला तर आधार मिळणार तो जुन्याच आकड्याचा.

सरकारी आदेशानं मालमत्ता एका रात्रीत कशी अडकते, हे 7 डिसेंबर 2023 ला दिसलं. उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, तरी अनेक कारखान्यांत बी-हेवी मळीचे साठे पडून राहिले. त्यातून इथेनॉल करायची मुभा मिळाली एप्रिल 2024 मध्ये. तोवर ताळेबंदात ती मळी 'चालू'च होती!

सभासदांनी वार्षिक सभेआधी अहवाल चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताळेबंद असतो 31 मार्चचा, म्हणजे गोदाम जवळपास सगळ्यात भरलेलं असतं त्या दिवसाचा. त्यामुळे एकूण चालू मालमत्तेचा आकडा हमखास गुबगुबीत दिसतो. त्याऐवजी तीन ओळी शोधाव्यात : साखरसाठा किती, त्यावर मालतारण कर्ज किती आणि ऊसबिलाचं देणं किती. साठ्यातून कर्ज वजा केल्यावर उरणारी रक्कम ऊसबिलाला पुरत नसेल, तर सभेत विचारायचा पहिला प्रश्न तोच.