उसनी साद

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबर सरून ऑक्टोबर लागला, मेपलची पाने तांबडी होऊ लागली आणि मक्याची शेते कापणीस आली, म्हणजे शिकारीच्या सामानाच्या दुकानांतून नवख्या मंडळींची जी वर्दळ सुरू होते, तिच्यात आपली तिकडे स्थायिक झालेली मराठी मुलेही आता क्वचित दिसू लागली आहेत. आणि ज्याने अद्याप रानात एक अख्खी सकाळ निश्चल बसून काढलेली नाही असा उमेदवार त्या दुकानातून बाहेर पडतो तो बहुधा नर हरिणाचा हुंकार काढणारी प्लास्टिकची पुंगी, एकमेकांवर आपटून झुंजीचा आभास निर्माण करावयाची शिंगांची जोडी आणि माजावर आलेल्या मादीच्या मूत्राची एक लहानशी कुपी बरोबर घेऊनच. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पुंगी आणि शिंगे नवख्याने पहिले दोन हंगाम घरी ठेवावी; कुपी मात्र नवख्याने काय आणि जाणत्याने काय, कोणीच विकत घेऊ नये.

या मताचा उगम ग्रंथांत नाही. माझा भाचा विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरी नोकरीस आहे. १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या माणसास शिकारीचे शिक्षण पुरे केल्याच्या दाखल्यावाचून त्या राज्यात सहसा परवाना मिळत नाही. तो दाखला त्याने रीतसर मिळविला, धनुष्य घेतले, आणि एका परिचित शेतकऱ्याच्या ओकच्या राईत त्याच्या अनुमतीने दोघांपुरते मचाण बांधले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे मुक्कामास असताना एका पहाटे त्या मचाणावर त्याच्या शेजारी बसलो होतो. उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंत त्याने दर दहा मिनिटांनी पुंगी वाजविली; आपल्याखेरीज रानात आणखी कोणी बोलते आहे की काय, हे ऐकण्यास मध्ये उसंत म्हणून ठेवली नाही. अखेर आमच्या पाठीमागून, म्हणजे वारा आमच्यावरून ज्या दिशेस जात होता त्याच बाजूने, नाकातून जोराने हवा सोडल्याचा फूत्कार ऐकू आला. वळून पाहतो तो उंच उभारलेली एक पांढरी शेपटी झुडपांतून दोनदा उसळली आणि दिसेनाशी झाली. “मामा, तो आला होता!” असे भाचा हर्षाने म्हणाला. त्याच्या हर्षात मला सहभागी होता आले नाही. त्या राईत त्या जागी माणूस बसतो आणि तो अशा आवाजात बोलतो, एवढा धडा घेऊन तो नर गेला होता, आणि उरलेला हंगामभर तो त्या बाजूस दिवसाउजेडी पुन्हा दिसला नाही.

मुळात शिकारच कशाला, असा प्रश्न आपल्याकडील सहृदय वाचक विचारील, आणि तो विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. पण पांढऱ्या शेपटीच्या या हरिणाचा तिकडील वृत्तांत आपल्या चितळ-सांबरांच्या वृत्तांताहून वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे त्यांची संख्या अंदाजे पाच लाखांवर आली होती. पुढे कडक कायदे झाले, १९३७ साली बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामी लावण्याचा कायदा आला, आणि आज ती संख्या तीन कोटींच्या घरात मानली जाते. लांडगा आणि प्यूमा बहुतेक मुलखातून नाहीसे झाल्याने कळपांस आवर घालण्याचे काम माणसाकडे आले आहे, ते माणसाने परवान्याचे शुल्क भरून, ठरल्या दिवसांत, ठरल्या संख्येत करावे, हा तेथील शिरस्ता आहे. तो मला मान्य आहे. पण जे काम आपण कर्तव्य म्हणून पत्करतो ते कोणत्या रीतीने करावे, याचा निवाडा त्यामुळे टळत नाही.

हरिणाची बोली ही काही एका हुंकाराची बोली नव्हे. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली या जातीच्या बारा वेगवेगळ्या आवाजांचे वर्णन प्रसिद्ध केले. पिलास जवळ बोलावताना आई काढते तो हलका घुंकार, हरवलेल्या पिलाचे बेंबावणे, धोक्याचा फूत्कार, मादीमागे चालताना नराच्या कंठातून निघणारे तुटक हुंकार, प्रतिस्पर्ध्यास दटावताना नाकातून सुटणारी शिटीसारखी फुंकर, अशी ती भाषा आहे, आणि तिच्यातील प्रत्येक उच्चाराला ऋतू, अंतर आणि प्रसंग यांची मर्यादा आहे. माजाचा काळ दिवसाचा प्रकाश आखूड होत जाण्यावर अवलंबून असतो; उत्तरेकडे तो नोव्हेंबरच्या पूर्वार्धात ऐन भरास येतो, आणि गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा असल्यामुळे पिले मे-जूनमध्ये, कोवळा चारा मुबलक असताना जन्मतात. निसर्गाने इतक्या काटेकोरपणे बांधून ठेवलेल्या या पंचांगात सप्टेंबरच्या उष्ण दुपारी माजावरील मादीचा आवाज काढीत बसणे म्हणजे पितृपक्षात मंगलाष्टके म्हणणे होय.

शिंगे आपटण्याविषयी तर मोजदादच झालेली आहे. हेलिक्सन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दक्षिण टेक्सासमध्ये १७१ वेळा शिंगांचा खडखडाट करून पाहिला, तेव्हा १११ नर त्या आवाजाकडे आले. हा आकडा दुकानदार मोठ्या उत्साहाने सांगतात. पण त्याच प्रयोगातील दोन गोष्टी नवख्याने अधिक लक्षपूर्वक ऐकण्याजोग्या आहेत. उंच मनोऱ्यावर बसलेल्या निरीक्षकास जे नर दिसले, त्यांतील पुष्कळसे जमिनीवर शिंगे आपटणाऱ्या माणसास दिसलेच नाहीत. आणि येणाऱ्यांपैकी बहुसंख्य नर वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे आवाज करणाऱ्याचा वास घेत घेत आले. माझ्या भाच्याच्या राईत घडले ते नेमके हेच. हरणाचा कान आवाजाचा उगम विलक्षण अचूक टिपतो. तो त्या ठिकाणी येतो, तेथे हरीण दिसावयास हवे अशा अपेक्षेने पाहतो, ते न दिसल्यास वळसा घालून वाऱ्यास विचारतो. पुंगी वाजविणारा आपल्या बसण्याचा पत्ता स्वतःच जाहीर करतो, आणि पत्ता जाहीर केल्यानंतर निश्चल कसे राहावे, वारा कोठून कोठे जातो हे कसे ओळखावे, हे ज्यास अवगत नाही त्याने तो जाहीर करण्यात कोणते शहाणपण आहे?

पुंगी सर्वथा त्याज्य आहे असे मी म्हणत नाही. दूरवरून जाणारा नर आपल्या वाटेने निघून जात आहे, त्याचे तोंड पलीकडे आहे, वारा अनुकूल आहे, अशा वेळी दोन वा तीन हलके हुंकार काढून थांबणे हे जाणत्याचे काम आहे. तो थबकून कान वळवितो, आणि पुष्कळदा येतो. पण जो नर आपण होऊन येत आहे त्यास साद घालू नये, जो आपल्याकडे टक लावून पाहत आहे त्यास तर मुळीच घालू नये. हे नियम पाठ करण्यास पाच मिनिटे लागतात. जनावराच्या शेपटीवरून, कानांवरून, मानेच्या वळणावरून त्याचे मन ओळखण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे वाचविता येतील असे आमिष ही पुंगी नवख्यास दाखविते. हरणापेक्षा शिकाऱ्यासच ती अधिक भुलविते, असे मला वाटते.

आपल्या भाषेत मृगया हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ शोधणे असा आहे, आणि मृग म्हणजे जो शोधावयाचा तो. जिम कॉर्बेट यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात ठाक येथील नरभक्षक वाघीण वाघाचा आवाज काढून समोर आणली, हा वृत्तांत मराठी वाचकांस अनुवादांतून परिचित आहे. पण तो वाचताना आपण विसरतो की कॉर्बेट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि काळाढुंगीच्या रानात पाखरांचे व श्वापदांचे आवाज ओळखीत, त्यांची नक्कल करीत त्यांचे बालपण गेले होते. वाघिणीच्या हाकेला कोठे उत्तर द्यावे आणि कोठे गप्प राहावे हे त्यांच्या कानांत सहा दशके मुरलेले होते. ज्या मॅडिसनमध्ये माझा भाचा राहतो, त्याच शहरातील विद्यापीठात अल्डो लिओपोल्ड वन्यजीवव्यवस्थापन शिकवीत असत. स्वतः शिकारी असलेल्या या पुरुषाने शिकाऱ्यांभोवती वाढत चाललेल्या उपकरणांच्या बाजाराविषयी स्पष्ट चिंता व्यक्त केली होती, आणि शिकाऱ्यास पाहणारा, टाळ्या देणारा वा निषेध करणारा प्रेक्षकवर्ग रानात नसतो, म्हणून त्याच्या आचरणाचा न्यायाधीश त्याची सदसद्विवेकबुद्धीच होय, असा विचार मांडला होता. लिओपोल्ड १९४८ साली वारले. त्यांच्या पश्चात तो बाजार किती फुगला हे त्या दुकानातील एकेका फळीवरून दिसते.

आणखी एक भय आहे, आणि त्याविषयी बोलताना मला दशरथाची आठवण होते. घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती पाणी पितो असे त्याने मानले, शब्दाच्या रोखाने बाण सोडला, आणि श्रावणाचा घात झाला. सार्वजनिक रानात, जेथे शेकडो परवानाधारक एकाच सकाळी विखुरलेले असतात, तेथे झुडपाआड बसून शिंगांचा हुबेहूब खडखडाट करणारा माणूस दुसऱ्या एखाद्या उतावळ्या दशरथास आमंत्रण देत असतो. विस्कॉन्सिनमधील नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात भडक रंगाचा पोशाख सक्तीचा आहे तो याच कारणास्तव. आणि लक्ष्य डोळ्यांनी पूर्णपणे ओळखल्यावाचून बोट घोड्यावर नेऊ नये, हा शिक्षणवर्गातील पहिल्या पाठांपैकी एक आहे. बंदुकीच्या दिवसांत सार्वजनिक भूमीवर नवख्याने शिंगे आपटू नयेत.

आता कुपी. येथे मात्र माझ्या मतात तडजोडीस जागा नाही. १९६७ साली कोलोरॅडोमधील फोर्ट कॉलिन्स येथे संशोधनासाठी बाळगलेल्या बंदिस्त हरिणांत एक रोग आढळला. जनावर खंगत जाई, लाळ गाळी, मान टाकून उभे राही आणि मरे. मेंदूचे अशा जातीचे विकार पुढे ज्यांच्यामुळे होतात असे सिद्ध झाले त्या प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे तो होतो. त्यावर औषध नाही, आणि त्यातून कोणी वाचत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी दीड-दोन वर्षे जनावर धडधाकट दिसते आणि त्या काळातही लाळ, विष्ठा व मूत्र यांवाटे प्रायॉन बाहेर टाकीत असते. मातीत ते वर्षानुवर्षे टिकतात. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ साली आढळला, नॉर्वेच्या रेनडियरांत २०१६ साली, आणि अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत तो आता पसरला आहे. दुकानातील कुपीत असते ते मूत्र बंदिस्त कळपांच्या गोठ्यांतून गोळा केलेले असते, त्यात विष्ठेचा अंश मिसळण्याचा संभव असतो, आणि विकत घेणारा ते नेमके अशा जागी ओततो जेथे आसपासचे सगळे नर येऊन नाक लावतील, माती उकरतील, फांदी चाटतील. व्हर्जिनियाने २०१५ साली आणि व्हरमाँटने २०१६ साली नैसर्गिक मूत्राच्या वापरास मनाई केली. एका कुपीतून संसर्ग होण्याचा संभव अल्प आहे, असे या धंद्याच्या बाजूने सांगितले जाते, आणि काही अभ्यासकही तसे मानतात. पण जी व्याधी एकदा मातीत शिरली की आपल्या हयातीत निघत नाही, तिच्या बाबतीत अल्प संभवही पत्करण्याचा अधिकार एका हंगामाच्या हौसेस कोणी दिला? ज्या राज्यांनी अद्याप मनाई केलेली नाही त्यांनी ती करावी, आणि फर्मानाची वाट न पाहता आपल्या मुलांनी ती स्वतःवर घालून घ्यावी.

आपल्या देशात हा प्रश्न शिकारीच्या रूपाने उरलेला नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली आणि शिकार या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर फासे लावणे, हाकणे आणि आमिष दाखविणे यांचाही समावेश केला. तित्तिराची साद हुबेहूब काढून त्यास फाशाकडे आणणारे फासेपारधी ज्या विद्येचे धनी होते, त्या विद्येला परकीय सरकारने १८७१ च्या कायद्याच्या धोरणाने गुन्ह्याचा शिक्का मारला आणि स्वतंत्र देशाच्या कायद्याने व्यवसाय म्हणून तिला जागा उरली नाही. तो कान मात्र त्यांच्या वृद्धांत अद्याप आहे, आणि जंगलखात्याने तो पक्षिगणनेस व रानाच्या राखणीस अधिक सन्मानाने लावावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उलट शहरातील सुशिक्षित माणूस पावसाच्या तोंडावर नवरंग पक्ष्याचे छायाचित्र मिळावे म्हणून मोबाइलवर त्याची शीळ पुन्हापुन्हा वाजवितो. तो पक्षी घरट्याची जागा सोडून अदृश्य प्रतिस्पर्ध्याच्या शोधात या फांदीवरून त्या फांदीवर फिरत राहतो, आणि शीळ वाजविणाऱ्या त्या माणसास कोणी पारधी म्हणत नाही. पुंगी आणि मोबाइल यांत मला फरक दिसत नाही.

भाच्याला मी हे सारे पत्राने लिहिले. पुढल्या हंगामात त्याने पुंगी मेजाच्या खणात ठेवली आणि कुपी विकत घेतली नाही. वारा पाहून मचाण राईच्या पूर्वेकडे हलविले, आणि एका वहीत रोजची वेळ, वारा आणि ऐकलेला आवाज लिहिण्याचा परिपाठ ठेवला. ती वही त्याने मला दाखविली तेव्हा तीत अकरा सकाळींची नोंद होती. सातव्या सकाळी त्याने लिहिले होते की एक मादी दोन पिलांसह मचाणाखालून गेली, मागे राहिलेल्या पिलास तिने एकदाच बोलावले, आणि तो आवाज इतका हलका होता की पान पडल्याचाच भास व्हावा. बाण त्याने सोडला नव्हता. नोंदीखाली प्रश्नचिन्ह घालून त्याने विचारले होते, की बारांपैकी हा कितवा?