अब्बाजानची रायफल

खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांचे वय 78. त्यांच्याकडे वडिलांपासून आलेली बी.एस.ए. कंपनीची .315 बोअरची रायफल आहे, अक्रोडाच्या दस्त्याची. कोकणातल्या पावसाळ्यांनी नळी आतून खाल्ली आणि कारागिराने ‘आता ही उडवू नका’ असे बजावले. कुवेतला असलेल्या मुलाने नव्या रायफलीसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत. पण दुकानातली प्रत्येक बंदूक अब्बाजान हातात घेतात आणि काही न बोलता परत ठेवतात. ‘अगदी तशीच दुसरी कुठे मिळेल?’ असा भगिनीचा प्रश्न आहे.

तशीच मिळणे अवघड, हे आधीच सांगतो. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून, खेळाडूंसारखे मोजके अपवाद सोडले, तर साध्या परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवता येत नाही. देशात जे जुने विलायती नग उरले तेच या घरातून त्या घरात फिरतात. त्यांचे भाव गुणांपेक्षा दुर्मिळतेवर ठरतात. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आत नळी गंजलेली, असा नग महागात घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

आता दुसरी बाजू. .315 हा बोअर हिंदुस्थानात चालला तो एका बंदीमुळे. .303 हे लष्कराचे काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये असा इंग्रज सरकारचा कटाक्ष होता. म्हणून ली-एनफिल्डची तीच रचना वेगळ्या बोअरमध्ये करून इथे विकली गेली. स्वातंत्र्यानंतर त्याच घराण्यातली .315 स्पोर्टिंग रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने बनवली. म्हणजे लोखंडाला पर्याय आहे. अब्बाजानचा हात शोधतो आहे ते लाकूड.

आणि त्यांचे चुकतही नाही. अक्रोडाचे लाकूड बळकट असून फार जड नसते, हवेतल्या ओलीने फारसे वाकत नाही, आणि धक्का सोसते. वर्षानुवर्षे तेल आणि हाताचा घाम मुरून त्याला जो रंग चढतो तो नव्याला आणता येत नाही. श्रीनगरच्या बंदूकखार मोहल्ल्यातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी अक्रोडाचे दस्ते घडवत आले आहेत. नवाच दस्ता हवा असेल तर त्या लाकडाची चौकशी करावी. गावातला सुतार सागवानात करून देईन म्हणेल. लाकूड कोणतेही असो, दस्त्याच्या मानेशी रेषा सरळ लांबीला धावायला हव्यात. त्या आडव्या गेल्या तर धक्क्याने तिथेच तडा जातो.

पण पत्रात लिहिले आहे की जुना दस्ता शाबूत आहे, फक्त खळगे पडले आहेत. मग तो फेकता कशाला? ली-एनफिल्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, आणि खांद्याला टेकणारा मागचा तुकडा आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो. त्याच रचनेच्या रायफलीवर तो बसवता येईल का, हे परवानाधारक कारागिराला दाखवा. मापात थोडा फरक निघू शकतो आणि सैल बसलेले लाकूड फुटते, म्हणून हे काम घरी करू नये. परवान्यातला नंबर लोखंडावर असतो, लाकडावर नाही.

खळग्यांचा इलाज मात्र घरातला आहे. दस्ता कारागिराने उतरवून दिला की खळग्यावर ओला फडका ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. दबलेले लाकूड वाफेने फुगून वर येते. तुकडाच उडाला असेल तर याचा उपयोग नाही. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. व्हार्निश नको. आणि रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नका, त्यात ओल धरते. (निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की त्याच दिवशी पुसून तेल द्यावे.)

कागदांचे थोडक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात, वारशाने आलेली धरून. नवी घेण्याआधी परवान्यावर मंजुरी हवी, घेतल्यावर नोंद हवी. दुकानाऐवजी एखाद्या परवानाधारकाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. घाई करणारा विक्रेता दिसला तर उठून या.

एक गोष्ट पत्रात नव्हती, पण विचारतो. ही नवी रायफल नक्की कोणासाठी? धारकाचे वय 70 झाले किंवा बंदूक 25 वर्षे त्याच्याकडे असली, तर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. इतर वारसांचे ना-हरकत पत्र लागेल. त्यात अब्बाजानच्या दोन्ही मुलींच्या सह्या आल्याच, आणि सही म्हणजे रायफलीच्या किमतीतला वाटा सोडणे नव्हे, हे घरात आधीच बोलून घ्या. नातवाच्या नावे करायचे ठरले तर दस्त्याची लांबी त्याच्या हाताला जमते का, तेही कारागिराकडून पाहून घ्या. तिथे रायफल घेऊन अब्बाजाननीच जावे. परवाना अजून त्यांच्या नावावर आहे.