१ फेब्रुवारीचा पंक्तिप्रपंच

१ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याकडे अर्थसंकल्प. त्या गदारोळात वर्तमानपत्रातला दिनविशेष कोण वाचतो? पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात आणि तिथल्या हॉटेलांच्या इतिहासातही ही तारीख मोठी आहे. ती आपल्या शाळांच्या फळ्यावर का यावी, त्याचे हे मुद्दे.

१. १ फेब्रुवारी १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर सही केली. पुरेशा राज्यांची मंजुरी मिळायला डिसेंबर उजाडला, पण लोकांनी लक्षात ठेवली ती सहीची तारीख. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे फिलाडेल्फियात बँक काढणारे रिचर्ड राइट यांनी हा दिवस राष्ट्रीय स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा यासाठी खटपट केली. तसा कायदा १९४८ मध्ये झाला, तो पाहायला ते उरले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच. तेव्हा ही तारीख आपल्याला अगदीच परकी नाही.

२. बरोबर ९५ वर्षांनी, १ फेब्रुवारी १९६० च्या सोमवारी दुपारी, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कॉलेजकुमार वूलवर्थच्या दुकानात शिरले. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, चौघेही पहिल्या वर्षाला. त्यांनी आधी टूथपेस्टसारख्या बारीकसारीक वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर, गोऱ्यांसाठी राखलेल्या स्टुलांवर बसून कॉफी मागितली. नकार मिळाला. म्हणजे टूथपेस्टच्या गल्ल्यावर त्यांचा पैसा चालत होता आणि चार पावलांवर, कॉफीपाशी आल्यावर, तोच पैसा विटाळत होता. पावत्या जपल्या त्या हे दाखवायलाच. काउंटरमागे राबणाऱ्या एका काळ्या बाईने उलट त्यांनाच दटावलं. तिला नोकरीची काळजी असणार. मी तिला नावं ठेवणार नाही. दुकान बंद होईपर्यंत पोरं बसून राहिली.

३. आता त्या काउंटरमागे पाहा. तिथे रांधायला, भांडी घासायला काळी माणसं होतीच. त्यांच्या हातचं खाणं चाले, शेजारच्या स्टुलावर ती चालत नसत. अखेर २५ जुलै १९६० रोजी काउंटर सर्वांना खुलं झालं, तेव्हा पहिल्यांदा तिथे बसून खाल्लं ते दुकानातल्याच काळ्या कामगारांनी. त्यांतल्या जिनीव्हा टिस्डेल यांनी खाल्लं एग सॅलड सँडविच, आणि ते त्यांनीच बनवलेलं होतं. अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती ही गोष्ट.

४. हे मालकाला पाझर फुटला म्हणून घडलं नाही. चौथ्या दिवशी ३०० वर माणसं आली, त्यांत काही गोऱ्या मुलीही होत्या. मार्चअखेर हे लोण १३ राज्यांतल्या ५५ शहरांत पोचलं, बहिष्काराने धंदा बसला. शिवाय ग्रीन्सबरो हे काही पहिलं नव्हे. विचिटा आणि ओक्लाहोमा सिटी इथे १९५८ मध्येच अशी ठिय्या आंदोलनं झाली होती.

५. ‘हॉटेल माझं, मर्जी माझी’ हा युक्तिवाद कोर्टातही गेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतला वर्णभेद बंद केला, तर अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातलं ऑलीज बार्बेक्यू त्याविरुद्ध कोर्टात उभं राहिलं. तिथे काळ्यांनी पार्सल न्यावं, बसायचं मात्र नाही, असा रिवाज; आणि ३६ नोकरांपैकी दोन तृतीयांश काळे! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये निकाल दिला तो मांसाच्या हिशेबावर. हॉटेलच्या खाद्यखरेदीतला ४६ टक्के वाटा दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मांसाचा होता, म्हणून तो आंतरराज्य व्यापार, म्हणून केंद्राचा कायदा लागू. माणुसकीच्या प्रश्नाला खाटकाच्या बिलातून वाट काढावी लागली. निकाल योग्य दिशेचा असला तरी हा वळसा मला खटकतो.

६. आपल्या राज्यघटनेला असा वळसा घ्यावा लागला नाही. १९५० पासून कलम १५(२) सरळ सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात, विहिरीवर, तलावावर मज्जाव करता येणार नाही. त्यामागे महाडचा २० मार्च १९२७ आहे. त्या दिवशी चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांवर हल्ला झाला आणि मंडपातल्या अन्नाची नासाडी केली गेली. पण कलम असूनही बाबा आढावांना १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ची हाक द्यावीच लागली. कायदा दार उघडतो. आत जाऊन बसणाऱ्याला मागून माणसं लागतात.

७. म्हणून मागण्या दोनच. पहिली, शाळांनी १ फेब्रुवारीच्या फळ्यावर १८६५ आणि १९६० ही दोन्ही सालं एकाखाली एक लिहावीत, आणि शक्य असेल तिथे त्यांच्याशेजारी कलम १५(२) सुद्धा. दुसरी मागणी शिक्षक, सरपंच, खानावळवाले आणि आपण सगळे यांच्याकडे. शाळेच्या खिचडीची रांग, टपरीवरची कपबशी, गावजेवणाची पंगत एकदा नीट न्याहाळा. कोण वाढतं, कोण वेगळं बसतं, कुणाला पार्सल देऊन वाटेला लावलं जातं ते बघा. आणि भेद दिसला तर तिथल्या तिथे बोला, नंतर घरी येऊन नव्हे.